सायकलच्या पान्यापासून लोखंडी नांगरापर्यंत

मार्वेच्या धक्क्यावर होडीत सायकल चढवायची, खाडी ओलांडून मनोरीला उतरायचे आणि गोराई, उत्तनच्या दिशेने निघायचे, हा मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील अनेक सायकलस्वारांचा रविवारचा शिरस्ता आहे. शहराच्या इतक्या जवळ असूनही मनोरीचा रस्ता अजून बराच निवांत आहे. एका बाजूला समुद्र, मध्येच कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन लोकांची घरे, वाळत घातलेली मासळी आणि नारळीची सावली. मात्र इथली खारी हवा आणि बारीक वाळू सायकलीच्या प्रत्येक सांध्यात शिरते, आणि एखाद्या रविवारी त्याची किंमत वसूल करते.

अशाच एका रविवारी मनोरीच्या रस्त्यावर माझ्या सायकलीचे मागचे चाक डुगडुगू लागले. धुऱ्यावरचा, छर्ऱ्यांना दाबून धरणारा निमुळता तुकडा, ज्याला सायकलवाले 'कोन' म्हणतात, तो सैल झाला होता. दोष किरकोळ होता. योग्य मापाचे दोन पातळ पाने हाताशी असते, तर पाच-दहा मिनिटांत तो दूर झाला असता. परंतु पिशवीत होती ती घरातली पक्कड. तिचे दात नटावरून घसरले आणि दोन-चार झटक्यांत नटाचे सहाही कोपरे गोल होऊन गेले. मग पाना आणला असता, तरी तो बसण्याजोगे काही उरले नव्हते. सायकल ढकलत धक्क्यावर परतावे लागले.

पक्कड सगळ्याला चालते, म्हणूनच ती नटाला नीट बसत नाही. परतीच्या होडीत हे मनाशी घोळत असताना आठवण झाली ती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची. किर्लोस्कर म्हटले की आपल्याला पंप, तेलाची इंजिने आणि लोखंडी नांगर आठवतात. तथापि या सर्वांच्या मुळाशी एक लहानसे सायकलचे दुकान होते, आणि ते चालवणाऱ्या माणसाचे सारे आयुष्य ज्या त्या कामाला त्याचे नेमके हत्यार हवे, या एका आग्रहाने भारलेले होते. सुटीच्या दिवशी घरच्या घरी सायकल दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र ओळखीचे करून घ्यावे असे आहे.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकून सवरून चांगल्या नोकरीत स्थिरावे, ही त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित घरातील स्वाभाविक अपेक्षा. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत फारसे रमले नाही. त्यांना ओढ होती दोन गोष्टींची : चित्रे काढण्याची आणि यंत्रे हाताळण्याची.

योगायोग असा की, ज्या वर्षी लक्ष्मणराव जन्मले त्याच वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, फ्रान्समध्ये ज्यूल्स सुरिरे याने सायकलीसाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८० साली हॅन्स रेनॉल्डने रोलर चेन सिद्ध केली. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाके जवळपास सारखी, आणि पायडलची गती चेनवाटे मागच्या चाकाला. आज आपण जी सायकल ओळखतो, तिचा सांगाडा तेव्हाच ठरला. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकल खऱ्या अर्थाने बसण्याजोगी झाली. गुर्लहोसूरचा मुलगा वाढत होता, त्याच वर्षांत हे यंत्रही वाढत होते. दोघांची गाठ मुंबईत पडायची होती.

थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर लक्ष्मणराव मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. रेखाटनावर त्यांचा हात चांगला होता. परंतु सुमारे दोन वर्षांनी ध्यानात आले की, काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असेल! घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेली वाट अशी निसर्गानेच बंद केली होती.

लक्ष्मणराव मात्र खचले नाहीत. रंगांची गरज नसलेले यांत्रिक रेखाटन त्यांनी पुढे चालू ठेवले. रेषा, माप आणि प्रमाण यांत त्यांची नजर पक्की होती. या कौशल्याच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, यांत्रिक रेखाटनाच्या सहायक शिक्षकाची जागा मिळाली. पगार होता दरमहा ४५ रुपये.

संस्थेत शिकवण्याचे काम संपले की, लक्ष्मणराव तिथल्या कार्यशाळेत रमत. ज्या यंत्रांची रेखाटने ते विद्यार्थ्यांकडून काढून घेत, ती यंत्रे प्रत्यक्ष कशी उघडतात, कशी जोडतात, कुठला भाग कशाने धरायचा, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी शिकून घेतले. पांढरपेशा घरातील शिक्षकाने हात काळे करून घेणे, ही त्या काळी कौतुकाची गोष्ट नव्हती. तरीही हे कार्यशाळेतले शिक्षणच त्यांच्या पुढील आयुष्याची शिदोरी ठरले.

बेळगावातील सायकलचे दुकान

मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहिली आणि लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे झाले. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळून जातो, याचे इतरांना नवल वाटे. लक्ष्मणरावांना नवल वाटले ते त्या यंत्राचे. त्यांनी सायकल मिळवली, चालवायला शिकले आणि बेळगावला असलेल्या रामूअण्णांना या नव्या व्यवसायात ओढले. १८८८ साली बेळगावात या बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ याच वर्षापासून मोजतो. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो बेळगावातील रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी होती. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात असे. म्हणजे जो शिक्षक ती सायकल पाठवत होता, त्याचाच १५ ते २२ महिन्यांचा पगार! सायकल चालवायला शिकवण्याचे शुल्क होते १५ रुपये. अर्थातच गिऱ्हाईक होते ते सरकारी अधिकारी, वकील आणि सधन मंडळी. आज ज्या वाहनाला आपण गरिबाचे वाहन समजतो, ते तेव्हा श्रीमंतीचे लक्षण होते.

या दुकानाचे वेगळेपण असे की, तिथे सायकल विकून काम संपत नसे. विकलेली सायकल चालती ठेवण्याची, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारीही दुकानावर असे. आज कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला आहे, त्यामुळे यातली अडचण आपल्या चटकन लक्षात येत नाही. त्या काळी बेळगावात लोखंडाचे काम जाणणारे कारागीर होते ते लोहार. बैलगाडीची धाव चढवावी, कुऱ्हाडीला पाणी द्यावे, नांगराचा फाळ ठोकावा, ही कामे ते उत्तम करीत. परंतु त्यांची हत्यारे होती भाता, ऐरण, सांडशी आणि हातोडा. सायकल हे यंत्र हातोड्याचे नव्हते.

याचे कारण सायकलीच्या रचनेतच आहे. चाकाच्या तुंब्यात दोन्ही बाजूंना पोलादी वाट्या असतात, त्यांत छर्रे बसतात आणि धुऱ्यावरचे कोन आतल्या बाजूला सरकवून ते छर्रे जागच्या जागी धरले जातात. कोन फार आवळला तर छर्रे वाट्यांना खड्डे पाडतात, आणि सैल राहिला तर चाक डुगडुगते. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, ती अंगठ्याने जाणवेल एवढीच असते. ती साधायची तर एका पान्याने कोन स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरचा नट आवळायचा. कोनाला पाना लागण्याची जागा अगदी अरुंद असल्याने पानाही पातळच हवा. जाड पाना तिथे शिरत नाही आणि पक्कड शिरली तरी पकडत नाही.

तारांचेही तसेच. चाकाची प्रत्येक तार रिमजवळ एका लहानशा चौकोनी डोक्याच्या नटात अडकलेली असते. चाक 'आऊट' झाले की, ज्या बाजूला ते कलले असेल तिच्या विरुद्ध बाजूच्या तारा अर्धा-पाव वेढा आवळायच्या आणि अलीकडच्या तितक्याच सैल करायच्या. हे काम तारांच्या खास चावीने केले तर चाक सरळ होते. पकडीने केले तर चौकोन गोल होतो आणि पुढच्या वेळी ती तार तोडूनच काढावी लागते.

आणखी एक खुबी सायकलीतच दडलेली आहे. उजव्या बाजूचे पायडल नेहमीप्रमाणे उजवीकडे फिरवून आवळायचे, तर डावे पायडल डावीकडे फिरवून. पाय मारताना डावे पायडल आपोआप सुटून येऊ नये, यासाठी त्याचे आटे उलटे पाडलेले असतात. हे ठाऊक नसलेला माणूस जितका जोर लावील, तितके पायडल अधिक घट्ट बसेल किंवा त्याचे आटे मरतील. हत्यार हाती असून भागत नाही, ते कुठल्या बाजूला फिरवायचे हेही कळावे लागते, याचा हा साधा दाखला.

विलायतेहून आलेल्या या यंत्राचा एखादा भाग मोडला, तर बदली भाग जहाजाने येईपर्यंत थांबावे लागणार, हे उघड होते. अशा वेळी नट खराब करून ठेवणारी दुरुस्ती कोणालाच परवडणारी नव्हती. मुंबईच्या कार्यशाळेत मापाची, आट्यांची आणि घट्ट-सैलाची जी जाण लक्ष्मणरावांनी कमावली होती, ती या व्यवसायात अशी कामी आली. आपल्याकडे सायकली मोठ्या कारखान्यांतून तयार होऊ लागायला १९३०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. किर्लोस्कर बंधूंनी मात्र त्याच्या अर्धशतक आधी हे यंत्र उघडून, समजून घेऊन, पुन्हा जोडायला सुरुवात केली होती.

नोकरीचा त्याग

मुंबईतील नोकरी स्थिर होती. परंतु बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. गुणवत्तेपेक्षा वंश मोठा ठरण्याचा तो काळ. बहुतेक जण असा अपमान गिळून पगारावर समाधान मानीत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. सुरक्षित उत्पन्न सोडून सायकलच्या दुकानावर संसार चालवण्याचा हा निर्णय आजही सोपा वाटणार नाही.

बेळगावात आल्यावर त्यांचे समाधान केवळ विक्री आणि दुरुस्तीत होईना. दुसऱ्याने बनवलेले यंत्र दुरुस्त करताना ते कसे बनते हे कळत जाते, आणि मग आपणही काही बनवावे ही इच्छा बळावते. त्यांनी लहानशी कार्यशाळा उभारली. सभोवती शेतीचा मुलूख होता. जनावरांचा चारा कोयत्याने तोडण्यात शेतकऱ्याचा वेळ जाई आणि निम्मा कडबा वायाही जाई. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते वळले नांगराकडे.

आपला परंपरागत लाकडी नांगर जमिनीला चीर पाडतो, माती फारशी उलटवत नाही. तृणांची मुळे खोलवर तशीच राहतात. विलायती लोखंडी नांगर माती उलटवीत असे, परंतु तो महाग होता आणि त्याचा भाग मोडला तर खेड्यात बसल्या जागी तो मिळणे अशक्य. सायकलच्या दुकानात जी अडचण गिऱ्हाइकाची होती, तीच इथे शेतकऱ्याची होती. म्हणून लक्ष्मणरावांच्या नांगराचा विचार त्याच्या सुट्या भागांसकट करावा लागणार होता. फाळ झिजणारच, तेव्हा तो नट-बोल्टने बसवलेला असावा, शेतकऱ्याला बांधावर पान्याने बदलता यावा आणि नवा फाळ जुन्याच्या जागी बिनचूक बसावा. भाग बदलता यायचा तर प्रत्येक भागाचे माप सारखे हवे, आणि माप सारखे यायचे तर कारखान्यात योग्य हत्यारे हवीत.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत घट्ट रुजला होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्या दोन वर्षांची कल्पना करून पाहावी. नोकरी सोडलेली, कार्यशाळेत माल पडून, आणि गावोगाव फिरून समजावले तरी शेतकरी मान हलवून निघून जाणार. सायकल विकत घेणारा वकील नव्या यंत्राची हौस बाळगून येई. शेतकऱ्याला मात्र चुकीच्या अवजाराची किंमत एका हंगामाच्या पिकाने मोजावी लागते. त्याची शंका अडाणीपणाची म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती. लक्ष्मणरावांनी ती नांगर सुधारून आणि प्रत्यक्ष नांगरट करून दाखवूनच दूर केली.

माळरानावरचा कारखाना

नांगराला मागणी येऊ लागली, तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडावी लागणार आणि नवी जागा घेण्याइतके भांडवल नाही, अशा पेचात लक्ष्मणराव सापडले. त्या वेळी औंध येथे सभामंडपाचे काम त्यांच्याकडे होते. औंधचे संस्थानिक श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाचीही सोय केली.

ती जमीन म्हणजे निवडुंग माजलेले ओसाड माळरान. पाण्याचे दुर्भिक्ष्य, सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. रामूअण्णा वसाहतीच्या व्यवस्थेत, शंभोराव जांभेकर यंत्रांत, मंगेशराव रेगे हिशेबात आणि अनंतराव फळणीकर कारखान्याच्या कामात, अशी जिद्दी माणसे लक्ष्मणरावांना मिळाली. तुरुंगवास भोगून आलेल्यांना त्यांनी रखवालीचे काम विश्वासाने दिले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. माणसांची पारख करतानाही त्यांची दृष्टी यांत्रिकाची होती. कोण कुठल्या कामाला नीट बसेल हे ते पाहत, आणि एकाच माणसाकडून सगळी कामे रेटून घेण्याचा मोह टाळीत.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली, पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. त्या टंचाईत कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर तयार करण्यात आले. ही हकिगत महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते. तिच्यामागे एक रोकडी गरजही होती, कारण भट्टीत घालायला दुसरे लोखंडच नव्हते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिकाच्या रूपाने मराठी घराघरांत पोहोचले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून १९२६ मध्ये परतले. नांगर, चरक, रहाट, पंप असा उद्योगाचा विस्तार होत गेला.

याच प्रवासातील एक टप्पा मात्र सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे लेथची निर्मिती. लेथ हे हत्यारे घडवणारे हत्यार. नट, धुरा, कोन, वाटी, ज्याला ज्याला गोलाई आणि आटे आहेत, ते सारे लेथवर घडते. लेथ विलायतेहून आणायचा आणि त्यावर स्वदेशी माल काढायचा, यात परावलंबन शिल्लक राहतेच. किर्लोस्करांनी लेथही स्वतः बनवायला घेतले, आणि १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यांत्रिक हत्यारांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्याने बनवलेल्या सायकलीपासून निघालेला माणूस पन्नास वर्षांनी तिथे येऊन पोहोचला, जिथे हत्यारांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील विस्तार लक्ष्मणरावांना पाहता आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले.

आपल्या घरातील पेटी

लक्ष्मणरावांचे चरित्र उद्योजकतेचा धडा म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कारखाना काढणारे थोडे, आणि घरात एखादी सायकल बाळगणारे पुष्कळ. त्यांच्यासाठीही या आयुष्यात काही आहे. मुलाच्या सायकलीचे चाक आऊट झाले की, आपण ती गॅलरीत उभी करून ठेवतो. पुढे तिच्यावर गंज चढतो, आणि एक दिवस ती भंगारात जाते. दोष बहुधा शंभर-दीडशे रुपयांच्या हत्याराने दूर होणारा असतो. हरवत जाते ती सायकल तर खरीच, पण त्याहून अधिक, यंत्र उघडून पाहण्याची त्या मुलाची संधी.

घरची पेटी मोठी नको. टायर काढायला दोन लिव्हर, पंप, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन चाव्या, पायडलसाठी १५ मिलिमीटरचा पाना, आपल्या चाकाच्या मापाचे पातळ कोन-पाने, तारांची चावी आणि चेनची पिन काढण्याचे हत्यार. बऱ्याचशा कामांना एवढे पुरते. लिव्हरऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरला की ट्यूबला नवे भोक पडते. चेनची पिन खिळा-हातोड्याने ठोकली की कडीच्या पट्ट्या वाकतात आणि चेन पुढे नेमकी चढावर तुटते. फ्रीव्हील काढायचे हत्यार तर प्रत्येक बनावटीला वेगळे लागते. ते खाचांत बसवून धुऱ्याच्या नटाने हलकेच धरून ठेवावे आणि पहिला झटका बसताच तो नट सैल करावा, म्हणजे खाचा तुटत नाहीत.

नेमके हत्यार महागच असते, असे मात्र नाही. चेन झिजली की नाही हे पाहायला पोलादी फूटपट्टी पुरेशी होते. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. त्याच कड्या एक सोळांश इंचाने लांब भरल्या, तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढल्या असतील, तर तोवर दातेरी चक्रांचीही झीज झालेली असते आणि खर्च कितीतरी वाढतो. मनोरीसारख्या खाऱ्या, वालुकामय वाटेवरून फिरून आल्यावर चेन पुसून तिला तेलाचा हलका हात द्यावा आणि ही मोजणी अधूनमधून करावी.

माझ्या सायकलीचा तो गोल झालेला नट अखेर कापूनच काढावा लागला. नवा नट आणि कोन मिळून जेवढा खर्च आला, त्याहून कमी किमतीत पातळ पान्यांची जोडी आली. आता ती जोडी पिशवीत असते. पक्कड घरीच राहते, तार वाकवायला आणि खिळे उपटायला. त्या कामांना तिच्यासारखे दुसरे हत्यार नाही.